पेट्रोलचे माप

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते असे म्हणण्याचा प्रघात आहे. खरे पाहता जळते ते पेट्रोल व हवा यांचे मिश्रण. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा मिळाली, तर दोहोंपैकी काहीच वाया जात नाही. हे माप साधण्याचे काम अनेक दशके कार्बुरेटरकडे होते. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १८९३ साली बनविलेल्या कार्बुरेटरात, आत धावणारी हवाच बारीक तोटीतून पेट्रोल ओढून घेई. युक्ती साधी व स्वस्त. पण थंडीत किंवा एकाएकी वेग वाढविताना माप चुके. हिवाळ्यात पहाटे चोक ओढून गाडी सुरू करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीच्या अभियंत्यांनी या प्रश्नाचे रूपच पालटले. पेट्रोल ठराविक दाबाखाली ठेवावे व विजेने उघडणाऱ्या झडपेतून त्याची पिचकारी उडवावी; झडप किती वेळ उघडी राहिली यावरच माप ठरेल. वजनाचा प्रश्न असा वेळेचा झाला, आणि सेकंदाचे हजारावे भाग मोजणे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे काम. 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची ही योजना १९५७ साली जाहीर झाली. १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या सुमारे ३५ गाड्यांना ती बसविली गेली आणि फसली! तत्कालीन विद्युत्-भागांना इंजिनाजवळची उष्णता व थरथर सोसवेना. बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्बुरेटर चढले. कल्पनेत मात्र दोष नव्हता. तिला पेलणारी साधने तेव्हा नव्हती, इतकेच. पुढे तिचे पेटंट-हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीने घेतले.

या कल्पनेस पुन्हा दिवस आले ते लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. मोटारींच्या धुरातील न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते डोळे झोंबविणारे धुरके बनते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. मग धुरावर कायद्याची बंधने आली. अंदाजाचे माप आता चालणारे नव्हते. १९६७ साली अमेरिकेत जाणाऱ्या फोक्सवागन १६०० गाडीत बॉशची 'डी-जेट्रॉनिक' यंत्रणा आली. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतील हवेचा दाब, इंजिनाची गती व उष्णतामान यांवरून ती झडपेची वेळ ठरवी. बाजारात टिकाव धरणारी या जातीची पहिली यंत्रणा हीच.

तरीही एक उणीव राहिलीच. दिलेले माप बरोबर होते की नाही, हे ताडून पाहण्याची सोय तीत नव्हती. शिक्षकाने गणित घालावे आणि वही कधी तपासूच नये, त्यातला हा प्रकार! १९७६ साली व्होल्व्हो गाडीत बॉशचा 'लॅम्डा सेन्सर' आला. बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू उरला हे तो पाही, आणि त्यावरून पुढच्या पिचकारीचे माप सुधारले जाई. धूर निर्मळ करणारे त्रिविध उत्प्रेरक उपकरण यामुळेच उपयोगी ठरले, कारण मिश्रण अचूक असल्याखेरीज ते नीट कामच करीत नाही.

भारतात इसवी सन २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक होऊ लागले, तसा मोटारींतील कार्बुरेटर मागे पडला. एप्रिल २०२० मध्ये 'भारत स्टेज सहा' लागू झाल्यावर बहुतेक नव्या स्कूटरी व मोटारसायकलींतूनही त्याची उचलबांगडी झाली, आणि त्याच्याबरोबर चोकही गेला.