तळटीप १४ : मोहन बागान रत्न

१४. कोलकात्याचा मोहन बागान क्लब (स्थापना १८८९) आपल्या जुन्या, मातब्बर खेळाडूंना देतो तो सर्वोच्च सन्मान. मजकुरातला ‘२९ जुलैचा समारंभ’ तो हाच. १९११ साली याच तारखेला बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवले. त्या अकरा जणांत बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. बाकीचे दहा अनवाणी खेळले. ‘रत्न’चा पहिला मान २००१ मध्ये शैलेन मन्ना यांना मिळाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तेही अनवाणीच खेळले होते. लेखकाने नुसते ‘चुनीदा’ म्हटले आहे ते चुनी गोस्वामी (१९३८-२०२०). त्यांचा गौरव २००५ मध्ये झाला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक भारताने त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकले. त्यांची उभी कारकीर्द बागानमध्येच गेली. अशी निष्ठा विरळा, म्हणूनच लेखकाचा सूर इथे इतका आदराचा आहे. क्रिकेटवेड्या मराठी वाचकांसाठी एवढेच जोडतो, की १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार हेच चुनीदा होते. (संपा.)