लिस्प भाषेतील वाचन आणि विस्तार : एका सीमारेषेचा इतिहास

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत लिस्प या संगणकभाषेची उभारणी आरंभिली, तेव्हा सामग्रीसाठी कंसबद्ध याद्या आणि आज्ञावलीसाठी गणिती वळणाची निराळी लेखनपद्धती अशी दुहेरी योजना होती. परंतु मॅकार्थींनी सिद्धान्त म्हणून कागदावर मांडलेले मूल्यमापनाचे फलन स्टीव्ह रसेल यांनी प्रत्यक्ष यंत्रावर उतरविले आणि आज्ञावलीही यादीच्याच रूपाने चालू लागली. नियोजित लेखनपद्धती मागे पडली. आज्ञावली हीच सामग्री, हे लिस्पचे वैशिष्ट्य असे सिद्ध झाले.

या वैशिष्ट्यामुळे लिखित मजकूर आणि त्याचे कार्य यांमध्ये दोन पायऱ्या निर्माण झाल्या. पहिली रीडरची, तो अक्षरांच्या ओळीतून यादी घडवितो. दुसरी मॅक्रोची, जी टिमथी हार्ट यांनी १९६३ मध्ये सुचविली. मॅक्रो एक यादी घेऊन तिच्या जागी दुसरी देतो. '(बुटीबोरी सिंदी सेवाग्राम) असे लिहिले असता रीडर आरंभीच्या चिन्हाचे रूपांतर (क्वोट (बुटीबोरी सिंदी सेवाग्राम)) असे करतो. मॅक्रोला ते चिन्ह कधीच दिसत नाही. उलट, ‘सिंदी’ हे स्थानकाचे नाव की फलनाचे, हे रीडरला ठाऊक नसते. एक अर्थाविषयी अंध, तर दुसरा अक्षराविषयी.

पुढे मॅकलिस्प व कॉमन लिस्प यांनी कोणत्याही अक्षरास स्वतःचे फलन जोडण्याची मुभा वापरणाऱ्यास दिली. यासही ‘रीड-मॅक्रो’ असेच नाव पडले. परंतु नामसाम्यावरून कार्यसाम्य मानणे चुकीचे होय. साध्या मॅक्रोचा प्रभाव त्याच्या नावाने आरंभ होणाऱ्या यादीपुरता असतो, तर रीड-मॅक्रो त्यापुढील सर्व मजकुराचे वाचन बदलू शकतो. आधीचा भाग चालविल्यावाचून पुढचा भाग वाचताच येऊ नये, अशी स्थिती त्यातून उद्भवते. कॉमन लिस्पमधील ‘#.’ ही खूण तर वाचतानाच मूल्यमापन घडविते. म्हणून परक्याकडून आलेली सामग्री वाचताना ती सोय बंद ठेवावी लागते, अन्यथा वाचणे म्हणजेच चालविणे ठरते.

या अनुभवातून उत्तरकालीन भाषांनी निरनिराळे मार्ग काढले. विस्तारात नावांची सरमिसळ होऊ नये यासाठी कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन व डूबा यांनी १९८६ मध्ये मांडलेला उपाय मॅक्रोविस्ताराच्या पायरीवरचा होता. रिच हिकी यांच्या क्लोजरने (२००७) अक्षरास फलन जोडण्याची मुभा नाकारली. परंतु साच्यातील नावांना त्यांचे पूर्ण नामक्षेत्र लावण्याचे काम मात्र रीडरकडेच सोपविले. रॅकेटमध्ये फाइलीच्या पहिल्याच ओळीत भाषेचे नाव घोषित होते व त्यावरून रीडर ठरतो. बदल करण्याचे स्वातंत्र्य राहते, पण तो छुपा राहत नाही.

तेव्हा रीडर श्रेष्ठ की मॅक्रो, हा वाद गौण होय. लेखकास भाषा वाकविण्याचे जितके स्वातंत्र्य रीडरपाशी मिळते, तितका त्या मजकुराचा इतर वाचणारा, मग तो मनुष्य असो वा यंत्र, परावलंबी होतो. लिस्पच्या सहा दशकांहून अधिक काळाच्या इतिहासात ही सीमारेषा वारंवार सरकली, ती या देवघेवीमुळेच.