दगडूचा मुलगा मिलिंद

मतदार यादीत प्रत्येक माणसाच्या नावाखाली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव छापलेलं असतं. म्हणजे एका चौकटीत दोन पिढ्या. मागच्या निवडणुकीच्या वेळी आमच्या कॅम्प ४ च्या यादीत घरच्यांची नावं शोधायला बसलो आणि भलतंच वाचत राहिलो. पन्नाशी-साठीचे मतदार: मिलिंद, सिद्धार्थ, गौतम, राहुल. वडिलांच्या जागी: दगडू, कचरू, धोंडू, भिकाजी. सुभाष टेकडीजवळ वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. पण डेटाबेसच्या दोन कॉलमसारखं समोर आल्यावर मला ते पहिल्यांदाच नीट दिसलं.

दगडू, धोंडू ही नावं मुलं जगावीत म्हणून ठेवली जायची. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे नजर लागत नाही. हे सगळ्याच जातींत चालायचं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडोच होतं.

देवाचं नाव ठेवण्यामागेही एक हिशेब होता. भागवतातल्या अजामिळाने आयुष्यभर पापं केली, मरताना घाबरून धाकट्या मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारली आणि तेवढ्यावर विष्णूचे दूत त्याला सोडवायला धावले. पोराला हाका मारता मारता नामस्मरण होणार असेल तर कुणाला नको? म्हणून घरोघरी विठ्ठल आणि पांडुरंग. चिडल्यावर त्यांचेच विठ्या आणि पांड्या. इंग्रज आपल्या मुलाचं नाव सहसा जीझस ठेवत नाहीत, मेक्सिकोत मात्र हेसूस गल्लोगल्ली सापडतात. आपण या बाबतीत मेक्सिकोवाले.

पण ही निवड सगळ्यांना सारखी नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस वाटेल असं. मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. मनूने दोन्ही एकाच श्लोकात उरकलं.

हा नियम गावागावांत तंतोतंत पाळला गेला असंही नाही. महारवाड्यांतही विठोबा होते, रामजी होते. बाबासाहेबांच्या वडिलांचंच नाव रामजी. मला जास्त खुपतं ते वेगळंच. देवाचं नाव घेऊन जगायला परवानगी होती, देवाच्या दारात जायला नव्हती. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. तोवर महारवाड्यातला विठोबा आषाढीला गेला तरी पायरीच्या बाहेरच. रोज विठ्ठलवाडी स्टेशनात लोकलसाठी उभा असतो तेव्हा हे कधी कधी आठवतं.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांमध्ये राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची उपासना सोडण्याची शपथ होती. घरातल्या देव्हाऱ्याबरोबर नावंही बदलू लागली. बाबासाहेबांनी कॉलेजं काढली त्यांची नावंच बघा: मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादला मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा. नागसेन भिक्खूला प्रश्न विचारून विचारून त्याने भंडावून सोडलं, म्हणून तो ग्रंथात शिरला. दगडूच्या मुलाला एका शंकेखोर ग्रीकाचं नाव मिळावं, हे मला फार आवडतं. राहुलचा अर्थ परंपरेप्रमाणे ‘बंधन’ असा आहे, पण बारशाला तो कुणी काढत नाही.

आता आमच्या घरातलं. बहिणीला मुलगी झाली. आईला सुजाता हवं. बुद्धाला खीर देणारी ती सुजाता. बहीण म्हणते, आर्या नाहीतर अनाया ठेवू, नावावरून काही कळायला नको. तिचं अगदीच चूक नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका सीनियरने नाव विचारलं, मी सांगितलं, त्यावर तो हसून म्हणाला, “पूर्ण नाव?” मिलिंद, राहुल आता सगळ्याच जातींत आहेत, त्यामुळे नुसत्या नावावरून कुणाला काही कळतही नाही. मग आडनाव विचारतात. नाव लपवून काय साधणार, असं मी बहिणीला म्हटलं. “तुला मुलगी झाली की बोल,” ती म्हणाली.

आईची आणखी एक अट आहे. सुजाता ठेवलं तर कुणी ‘सुजी’ म्हणायचं नाही. आमच्या मजल्यावरच्या गौतमलाही त्याची आजी ‘गौत्या’ म्हणू देत नाही. विठ्याला विठ्या म्हणताना कुणाला काही वाटत नसे. पिढ्यान्‌पिढ्यांचा देव तो, सलगी चालायची. ही नावं घरात येऊन अजून सत्तर वर्षंच झालीत.

जन्मदाखला नावाशिवायही मिळतो. नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क घालता येतं, नंतर फी भरून. भाची आता सात महिन्यांची आहे. दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे आणि घरात सगळे तिला छकुली म्हणतात.