वीदाची वाट

बेनिनमधल्या वीदा गावात, शाशा चौकातल्या मोठ्या झाडाखाली तुम्ही उभे आहात. समुद्र इथून चार किलोमीटरवर असला तरी दिसत नाही, कारण मध्ये लगून आहे, दलदल आहे. एखादा मोटारसायकलवाला थेट किनाऱ्यावर सोडतो म्हणाला, तर नको म्हणा. गुलामांना याच वाटेनं चालवत नेलं, तेव्हा तुम्हीही चालतच जा. पाऊल पुढे टाका आणि वर्षं मागे सरकू द्या.

1961चा ऑगस्ट. गावातल्या छोट्याशा पोर्तुगीज किल्ल्यातून धूर निघतो आहे. 1721 साली उभारलेली ही जागा आदल्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या दाहोमीनं, म्हणजे आजच्या बेनिननं, ताब्यात घेतली आहे. जाता जाता पोर्तुगीज अधिकाऱ्यानं तिला आग लावली. अजून चार-साडेचार महिने, आणि 19 डिसेंबरला गोवाही पोर्तुगिजांच्या हातून सुटेल.

आणखी मागे चला. 1727. आतल्या मुलखातला दाहोमीचा राजा अगाजा ह्वेदा राज्यावर चालून आला, त्या राज्याची राजधानी सावी त्यानं बेचिराख केली आणि वीदा त्याच्या हाती आलं. हे सांगणं जड जातं, पण टाळता येत नाही: माणसं पकडण्यासाठी गोऱ्यांना फारसं रानात शिरावं लागत नसे. ते किल्ल्यांत बसत. शेजारच्या गावांवर छापे घालून माणसं आणत ती दाहोमीची फौज, आणि त्यांच्या बदल्यात राजाला मिळत बंदुका, दारू, कापड आणि कवड्या.

त्या कवड्यांच्या राशीजवळ जरा थांबा. एक कवडी हातात घ्या. ती मालदीवच्या उथळ पाण्यातली आहे. हिंदी महासागरातून जहाजाच्या तळाशी भरताड म्हणून ती युरोपला गेली आणि तिथून पिंपांत भरून इथे आली. इथे ती चलन आहे, तिच्यावर माणूस विकत मिळतो. शेजारी कापडाचे गठ्ठे आहेत. त्यातलं कितीतरी कापड गुजरातेत आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं, रंगवलेलं. आपल्या मागावरच्या माणसाला आपलं ठाण कुठे जाणार, हे बहुधा कधीच कळलं नसेल. पण ते इथवर पोचलं होतं. हा इतिहास दुसऱ्या कुणाचा म्हणून तुम्हाला लांबून पाहता येणार नाही.

पुढे जिथे विस्मरणाचं झाड होतं म्हणतात, ती जागा येते. पुरुषांना त्याभोवती नऊ आणि बायकांना सात प्रदक्षिणा घालायला लावत, म्हणजे ते आपलं गाव, नाव, देव विसरतील, अशी कथा आहे. तिला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार मिळत नाही, असं इतिहासकार सांगतात. मला ही कथा तरीही महत्त्वाची वाटते. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं, हे तिच्यात उघड होतं. ते त्यांना मिळालं का, ते आता बघू.

1860चा मे. पावसाचे दिवस आहेत, पायाखालची लाल माती चिकट झाली आहे. गुलामांचा व्यापार ब्रिटननं 1807 साली कायद्यानं बंद केला, अमेरिकेत 1808पासून गुलाम आणायला बंदी आहे. तरी विल्यम फॉस्टर नावाचा कप्तान ‘क्लोटिल्डा’ जहाज घेऊन सोनं मोजायला वीदाला आला आहे. कोंडवाड्यात तुमच्या शेजारी एक तरुण बसला आहे. वय एकोणीसच्या आसपास. नाव कोसुला. दाहोमीच्या फौजेनं पहाटे त्याचं गाव कापून काढलं, तेव्हा तो हाती लागला. फॉस्टर प्रत्येकाचे हातपाय, कातडी, दात तपासतो. जनावरांच्या बाजारात बैल पारखतात तसा.

मग किनारा. इथे बंदर नाही. लाटा इतक्या जोरात फुटतात, की जहाजं लांब समुद्रात उभी राहतात आणि माणसांना होड्यांतून नेतात. होडी उलटली तर पाण्यात शार्क आहेत. चढताना अंगावरचं कापडही ओढून घेतात. त्या जहाजातून कोसुलासह 110 जण अमेरिकेला गेले. एकट्या वीदाच्या किनाऱ्यावरून दहा लाखांहून अधिक माणसं गेली, आणि साऱ्या आफ्रिकेतून अटलांटिकवर सुमारे सव्वा कोटी. त्यातली जवळपास अठरा लाख वाटेतच मेली.

अलाबामात पोचल्यावर पुरावा नको म्हणून फॉस्टरनं जहाज जाळलं. पाच वर्षांनी गुलामी संपली. परत जायला पैसे नव्हते, म्हणून कोसुला आणि त्याच्या सोबत्यांनी कष्टाच्या पैशातून जमीन घेतली, वस्ती केली आणि तिला नाव दिलं आफ्रिकाटाउन. तब्बल सत्तर वर्षं होत आली, तरी कोसुलाला आपलं गाव, घरची माणसं, पकडलं तो दिवस, सगळं आठवत होतं. लेखिका झोरा नील हर्स्टन त्याच्याकडे गेली तेव्हा त्यानं ते बोलून दाखवलं. फोटो काढायचा म्हटल्यावर चांगले कपडे घातले, पण बूट काढून ठेवले. आफ्रिकेत होतो तसं दिसू दे, म्हणाला. त्यावर तिनं लिहिलेलं पुस्तक छापून यायला 2018 उजाडलं. जळालेल्या ‘क्लोटिल्डा’चे अवशेष 2019 मध्ये ओळखले गेले. विसरायला लावण्याचा सगळा खटाटोप या माणसापुढे हरला, असं माझं मत आहे.

आता आजच्या दिवसात या. समोर 1995 साली उभारलेला ‘परत न येण्याचा दरवाजा’ आहे. त्याच्या कमानीवर साखळदंडातली माणसं समुद्राकडे चालली आहेत. तिथून मागे वळा आणि ज्या वाटेनं आलात तिच्याकडे पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये बेनिननं कायदा केला: ज्यांचे पूर्वज गुलाम करून नेले गेले, त्यांच्या वंशजांना या देशाचं नागरिकत्व मागता येतं. कोसुलाला आयुष्यभर परत यायचं होतं. तो 1935 साली अलाबामात वारला.