प्रस्तावना : उधाणाखालची पातळी

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी इथल्या माणसाला समुद्राचे गणित शिकवावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे तो तिथीवरूनच सांगतो. मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीतले अंतर चार-पाच मीटरपर्यंत जाते. जगातल्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर वाढली, असे ऐकल्यावर तो विचारणारच : एवढे पाणी तर अर्ध्या तासात चढते, त्याची काय काळजी?

शंका रास्त आहे. या अभ्यासाचे दार तिथूनच उघडते. भरती येते आणि जाते. वाढलेली पातळी मात्र मुक्कामाला राहते आणि पुढचे प्रत्येक उधाण तिच्यावर उभे राहून येते. खारजमिनीचा बांध घालताना रोजच्या भरतीपेक्षा वर्षातल्या मोजक्या मोठ्या उधाणांचा विचार करावा लागतो. क्वचित बांधावरून जाणारे पाणी वीतभर वाढीने वारंवार जाऊ लागते, आणि भातखाचर खारावते.

ही वीत आली कुठून? काही तापून फुगलेल्या पाण्यातून, काही डोंगरांवरच्या हिमनद्यांतून, काही ध्रुवांवरच्या हिमचादरींतून. तरंगता बर्फ वितळून पातळी जवळजवळ बदलत नाही; जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला की ती वाढते. ग्रीनलंडवर सुमारे ७ मीटरची आणि अंटार्क्टिकावर सुमारे ५८ मीटरची वाढ साठून आहे. ती सगळी उतरायला अनेक शतके, सहस्रके लागतील. पण वेग आजच वाढला आहे : १९०१ ते १९७१ या काळात समुद्र वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर चढत होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७.

त्यातही एक गोष्ट थक्क करणारी आहे. हिमचादरीचे वस्तुमान इतके अफाट, की ते भोवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरते. बर्फ घटला की ही ओढ सैलावते. ग्रीनलंडजवळचे पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. म्हणजे लांब असणे हे आपले संरक्षण नाही.

१९६९ पासून तारापूरला अणुवीज केंद्र चालते, वाढवणला मोठे बंदर उभे राहत आहे. अशा किनाऱ्यावर पन्नास वर्षांनंतरची पातळी किती धरायची, हा प्रश्न अभियंत्याइतकाच मच्छीमाराचा आणि खारजमीन कसणाऱ्याचा आहे. हे पुस्तक तिघांसाठीही आहे. बोईसरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी तर आहेच.

वाचायला घेण्यापूर्वी एक करा. येत्या उधाणाला गावच्या बांधावर पाणी कुठवर आले, तिथे खूण करा, तारीख लिहा. वारा आणि पाऊसही पाणी चढवतात, म्हणून एका खुणेने काही सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षांच्या खुणा मात्र बोलू लागतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे, आणि आज जगभरचे अभ्यासक ती वाचतात. तिचाही कधीतरी पहिला दिवस होता.