लाचलुचपत तपासाचे पर्यवेक्षण
शासकीय संस्थांतील लाच व अपहाराच्या तपासावर देखरेख ठेवण्याची व्यवस्था. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या स्थायी समितीचे तत्कालीन अध्यक्ष आणि काही कर्मचारी यांना ऑगस्ट २०२१ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचून अटक केली. अशा सापळ्यात पंचांसमक्ष पावडर लावलेल्या नोटा वापरतात. तपास सामान्यतः उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. पुरावा हाताशी असतो, त्यामुळे देखरेखीची खरी परीक्षा इथे होत नाही. ती होते निविदा, देयके व परवानग्या यांतील गैरव्यवहारात.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये घातलेल्या कलम १७अ नुसार अधिकाऱ्याच्या निर्णयाशी वा शिफारशीशी निगडित गुन्ह्याच्या तपासाला शासनाची वा सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. जागेवरच्या अटकेला ती लागत नाही. परिणामी लहान लाच पकडणे सोपे आणि मोठ्या निर्णयाची चौकशी अवघड ठरते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवे, हा या तरतुदीमागचा युक्तिवाद रास्त आहे. निर्णय घेण्यासच कोणी धजावले नाही तर नुकसान नागरिकांचेच. पण खटल्यापूर्वी कलम १९ ची मंजुरी हे संरक्षण देतेच. तपासाच्या दारातली मान्यता प्रशासनाकडे न राहता लोकायुक्तांसारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे असावी, हे अधिक न्याय्य. महाराष्ट्राने १९७१ मध्येच लोकायुक्त कायदा केला. मात्र त्यातील अधिकार मुख्यतः शिफारशीचे राहिले.