नारू

नारू हा ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या गोलकृमीमुळे माणसाला होणारा परजीवी रोग आहे. तो मुख्यतः दूषित पाणी पिण्यातून होतो. संसर्गानंतर सुमारे एक वर्षाने दोऱ्यासारखा लांब कृमी त्वचेतून, बहुधा पायातून, बाहेर येऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आहे. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. नारूवर लस नाही आणि कृमी मारणारे खात्रीचे औषधही नाही. पाण्याची व्यवस्था आणि पाणी वापरण्याच्या सवयी बदलूनच त्याचे भारतातून उच्चाटन झाले.

नाव व इतिहास

मराठीत रोग व कृमी या दोहोंनाही नारू म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हा रोग स्नायुक या नावाने येतो. कृमीच्या शास्त्रीय नावातील ‘मेडिनेन्सिस’ हा शब्द अरबस्तानातील मदिना शहरावरून आला आहे. प्राचीन इजिप्तमधील एका ममीतही या कृमीचे अवशेष सापडले आहेत. नारूचा प्रसार पाण्यातील सूक्ष्म जीवांमार्फत होतो, हे रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतातील संशोधनातून दाखविले.

जीवनचक्र

साचलेल्या गोड्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, जेमतेम डोळ्यांना दिसणारे कवचधारी जीव असतात. ते नारूच्या अळ्या खातात व सुमारे दोन आठवड्यांत त्या अळ्या संसर्गक्षम होतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास सायक्लॉप्स जठरात मरतात, पण अळ्या जिवंत राहतात. त्या आतड्याची भित्तिका भेदून शरीरात शिरतात आणि तेथेच वाढतात. समागमानंतर नर मरतो. मादी ६० ते १०० सेंटिमीटरपर्यंत लांब होते आणि त्वचेखालून सरकत बहुधा पायाकडे येते. या काळात रोग्याला सहसा काहीही जाणवत नाही.

वर्षभराने त्वचेवर फोड येतो व तीव्र आग होते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो. त्याच क्षणी फोड फुटून मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या सायक्लॉप्सच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

लक्षणे व उपचार

फोड येण्यापूर्वी ताप, खाज व मळमळ होऊ शकते. कृमीचे तोंड दिसू लागल्यावर तो बारीक काडीला गुंडाळून दररोज थोडा थोडा ओढून काढणे, हा हजारो वर्षांचा उपाय आजही प्रचलित आहे. त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. घाईने ओढल्यास कृमी तुटतो, आतील भागामुळे सूज येते व जखम चिघळते. जंतुसंसर्गातून सांधे आखडणे किंवा धनुर्वात होणे असे उपद्रवही संभवतात. एकदा नारू होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. त्यामुळे त्याच गावात तोच माणूस वर्षानुवर्षे आजारी पडू शकतो.

नारूने मृत्यू क्वचितच होतो. परंतु रोगी अनेक आठवडे अंथरुणाला खिळतो. भारतात कोरड्या प्रदेशांत उन्हाळ्यात पाणी आटत गेले की रोगाचा जोर वाढे, आणि पेरणीपूर्वीच्या मशागतीच्या दिवसांतच शेतकऱ्याचे पाय जायबंदी होत. मृत्यूंच्या आकड्यांत न दिसणारे हे नुकसान हेच रोग दुर्लक्षित राहण्याचे एक कारण होय.

पायविहिरी आणि नारू

भारतात नारूचा प्रमुख उगम पायऱ्यांच्या विहिरी हा होता. मराठवाड्यात अशा विहिरीला बारव म्हणतात. बारवेत पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते. घागर भरताना पाय पाण्यात बुडतात आणि पायाला नारू असल्यास अळ्या थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात. याउलट आडातून पाणी दोराने शेंदतात, त्यामुळे पाण्याला पाय लागत नाही. कठडा असलेल्या आडाचे पाणी म्हणूनच नारूच्या दृष्टीने सुरक्षित ठरते. बारवेच्या सुबक बांधणीचा यात दोष नव्हता. पिण्याचे पाणी आणि पाण्यात उतरण्याची सोय एकत्र असणे हे रोगाचे मूळ होते.

भारतातील निर्मूलन

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू ही सात राज्ये बाधित होती. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण नोंदविले गेले. कार्यक्रमातील प्रमुख उपाय पुढीलप्रमाणे होते :

• घरोघर फिरून रुग्णांचा शोध घेणे व त्यांना पाणवठ्यात उतरू न देणे
• पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांचे शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर करणे
• हातपंप बसविणे
• सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस हे रसायन ठरावीक प्रमाणात टाकणे
• पाणी दाट विणीच्या कापडाने गाळून पिण्याचा प्रचार करणे

सायक्लॉप्स साध्या दाट कापडातही अडकतो, त्यामुळे शेवटचा उपाय कोणत्याही घराला परवडणारा होता. संसर्ग आणि कृमी बाहेर येणे यांत एक वर्षाचे अंतर असल्याने एका हंगामातील कामाचे फळ पुढील हंगामात दिसे. त्यामुळे शेवटच्या रुग्णानंतरही काही वर्षे शोधमोहीम चालू ठेवावी लागली.

जागतिक स्थिती

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नारू निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी आशिया व आफ्रिकेत वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना हा रोग होत असे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापन केलेल्या कार्टर सेंटरने या मोहिमेत पुढाकार घेतला. २०२३ व २०२४ मध्ये जगातील मानवी रुग्णांची नोंद प्रत्येकी २० हून कमी होती. चाड व दक्षिण सुदान हे त्यांतील प्रमुख देश. मात्र २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांमध्येही मोठ्या प्रमाणावर संसर्ग आढळू लागल्याने अंतिम टप्पा लांबला आहे. देवीनंतर मानवातून समूळ नष्ट होणारा दुसरा रोग नारू ठरेल, अशी अपेक्षा आहे.

दुर्लक्षित आजारांमधील स्थान

दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांची झळ जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना बसते. हे लोक बहुतांशी गरीब असल्याने नव्या औषधांना बाजारपेठ मिळत नाही आणि संशोधनाला निधी कमी पडतो. भारताने नारूनंतर यॉज या रोगातूनही २०१६ मध्ये मुक्ती मिळविली. महाराष्ट्रात हत्तीरोग, कुष्ठरोग व सर्पदंश हे या यादीतील प्रश्न अद्याप शिल्लक आहेत. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत धाराशिव, लातूर, सोलापूर व नांदेड यांचा समावेश होतो. हत्तीरोगासाठी सामूहिक औषधोपचार राबविला जातो. तथापि डासांची पैदास रोखणे आणि सांडपाण्याची नीट व्यवस्था करणे ही कामे येथेही औषधाइतकीच महत्त्वाची आहेत.